हप्ता दर्याच्या हिशेबाने कापा, बँकेच्या तारखेने नको



मे महिना अर्ध्यावर आला. जेटीवर बर्फाच्या गाड्या कमी झाल्यात, काही मालकांनी जाळी उतरवायला घेतलीत, बाहेरगावचे खलाशी हिशेब मागू लागलेत. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद. हे सगळं दरवर्षीचंच आहे. पण गेल्या तीन-चार वर्षांत या दिवसांत सोसायटीच्या ऑफिसात एक नवी तक्रार यायला लागली आहे : "न सांगता खात्यातले पैसे कापले." आणि तिच्या मागोमाग दुसरी : "कापायला हवे होते ते मात्र कापलेच नाहीत."

पहिल्या तक्रारीसाठी माणूस भांडायला येतो. दुसरी पुष्कळदा त्याच्या लक्षातही येत नाही, आणि खरं नुकसान तिथेच होतं.

गेल्या वर्षीची गोष्ट सांगतो. नाव सांगत नाही, घर आपल्यातलंच आहे. आपला एक तांडेल. त्याच्या मुलाने मॅच बघायला फोनवर एक ॲप घेतलं होतं, महिना १४९ रुपये, आपोआप कापले जाणारे. मॅच संपल्या, ॲप कोणी उघडेना, पैसे मात्र जात राहिले. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात खात्यात जेमतेम दीडशे रुपये उरले होते. त्यातले १४९ त्या ॲपने नेले. दोन दिवसांनी अपघात विम्याचे २० रुपये कापायला बँकेची यंत्रणा आली, तेव्हा खात्यात एक रुपया होता. विमा गेला. हे कळलं ऑगस्टमध्ये, किसान क्रेडिट कार्डाच्या कामाला पासबुक छापून घेतलं तेव्हा. म्हणजे नवा मोसम सुरू होऊन, होडी चार फेऱ्या करून आल्यावर. त्या फेऱ्यांत काही वाईट घडलं नाही हे नशीब. वीस रुपयांपायी घरच्यांचे दोन लाख गेले असते.

यात बँकेने नियम मोडला नाही, ॲपवाल्यानेही मोडला नाही आणि मुलानेही चोरी केली नाही. जिथे तिथे नियमाप्रमाणेच झालं. म्हणूनच या विषयावर आम्ही संचालक मंडळाने विचार केला, आणि आमचं मत इथे मांडतो आहोत.

आमचं मत आधीच सांगून टाकतो

नेमाने भरायचे पैसे, म्हणजे कर्जाचा हप्ता, विमा, सोसायटीची वर्गणी, फोनचा रिचार्ज, हे डिजिटल पद्धतीने आपोआप कापले जावेत या बाजूचे आम्ही आहोत. उद्या हेच काम रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल रुपयात होणार असेल, तरी आमचा विरोध नाही. पण एक अट आहे. कापायची वेळ दर्याच्या हिशेबाने ठरली पाहिजे. वर्षाचे दहा महिने कमाई आणि दोन महिने बंदी, हे ज्या यंत्रणेला कळत नाही, ती यंत्रणा कितीही आधुनिक असली तरी आपल्या घरासाठी अर्धवटच आहे.

आधी शब्द नीट समजून घेऊ

यूपीआय आणि डिजिटल रुपया एकच, असं जेटीवर अनेकजण समजतात. तसं नाही. यूपीआय हा रस्ता आहे. त्यावरून धावणारे पैसे आपल्या बँक खात्यातलेच असतात. डिजिटल रुपया हा स्वतःच पैसा आहे. जशी शंभराची नोट रिझर्व्ह बँकेची, तसा हा रुपयाही रिझर्व्ह बँकेचाच, फक्त कागदावर नाही तर फोनमधल्या पाकिटात. सामान्य लोकांसाठी त्याचा प्रयोग १ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला, पहिल्यांदा मुंबई, नवी दिल्ली, बेंगळुरू आणि भुवनेश्वर या चार शहरांत. नंतर तो वाढवत नेला. यूपीआयचा क्यूआर कोड स्कॅन करूनही तो देता येतो. पाकिटात ठेवलेल्या नोटेला जसं व्याज नाही, तसं यालाही नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे बिटकॉइनसारखी नाणी. ती आपल्या देशात कायदेशीर चलन नाहीत. १ एप्रिल २०२२ पासून त्यांच्यावरच्या नफ्याला ३० टक्के कर आहे, आणि त्याच वर्षीच्या १ जुलैपासून व्यवहारावर १ टक्का टीडीएसचा नियम आहे. "माशाचे पैसे कॉइनमध्ये घ्या, दरमहा दुप्पट होतील" असं सांगणारा कोणी जेटीवर आला, तर त्याला चहा पाजा आणि परत पाठवा. महिन्याचा हप्ता भरायला असलं नाणं कामाचं नाही. त्याचा भाव आज एक, उद्या दुसरा. हप्ता तर ठरलेलाच भरायचा असतो.

आता आपोआप कापण्याबद्दल. आपण एकदा परवानगी देतो, तिला मँडेट म्हणतात. यूपीआयवर ही सोय ऑटोपे या नावाने जुलै २०२० मध्ये आली. परवानगी देताना एकदाच पिन टाकायचा. पुढे १५,००० रुपयांपर्यंतची रक्कम पुन्हा पिन न विचारता कापता येते. विम्याचा हप्ता, म्युच्युअल फंड आणि क्रेडिट कार्डाचं बिल यांना ही मर्यादा डिसेंबर २०२३ मध्ये १ लाख केली. कापण्याच्या निदान २४ तास आधी ग्राहकाला सूचना गेली पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

कागदावर नियम चांगला आहे. पण २४ तास आधीचा मेसेज येतो तेव्हा आपला माणूस असतो कुठे? पाच-सहा दिवसांच्या फेरीवर, किनाऱ्यापासून लांब, जिथे टॉवर पकडत नाही. तो परत येतो तेव्हा फोनवर एकदम तीस-चाळीस मेसेज पडतात. त्यात कापण्याआधीची सूचना आणि कापल्याचा निरोप, दोन्ही एकाखाली एक. सूचना दिली हे खरं, पण ती वाचायला माणूस नव्हता.

तारखेचा घोळ

आपोआप कापण्याची ही सगळी पद्धत पगारदार माणसाला डोळ्यांसमोर ठेवून केलेली आहे. एक तारखेला पगार, पाच तारखेला हप्ता. बाराही महिने सारखे. आपल्याकडे एखाद्या दिवशी इसवण लागली तर महिन्याचं घर एका लिलावात निघतं. आणि वाऱ्याचा इशारा आला तर ऐन मोसमात आठ-आठ दिवस होडी दोरखंडाला बांधलेली. वर जून-जुलैची बंदी. बिनयंत्राच्या छोट्या होड्यांना बंदी नाही हे खरं, पण आषाढातल्या दर्यात त्या तरी किती दिवस जाणार?

आता पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेचं बघा. वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वाला २ लाख, अंशतः अपंगत्वाला १ लाख. जीवन ज्योती विमा योजनेचे वर्षाला ४३६ रुपये, मृत्यू कोणत्याही कारणाने आला तरी २ लाख. दोन्हींचं वर्ष १ जून ते ३१ मे. म्हणजे पैसे कापले जातात मेच्या अखेरीला. आपल्या पंचांगात याहून वाईट वेळ शोधून सापडणार नाही. मोसम संपलेला, खलाशांचे हिशेब चुकवलेले, डिझेल-बर्फाची बाकी भरलेली, पोरांच्या शाळेचा खर्च समोर. खात्यात पैसे नसले तर विमा पुढे चालत नाही. जीवन ज्योती तर तुटून पुन्हा घेतला, की पहिले ३० दिवस अपघात सोडून इतर कारणाच्या मृत्यूला पैसे मिळत नाहीत.

मत्स्यसंपदा योजनेतून मच्छीमारांना वेगळा अपघात विमा आहे, ५ लाखांचा, आणि त्याचा हप्ता सरकार भरतं, हे बरोबर. पण म्हणून हा विमा सोडायचा नाही. तो विमा मासेमारीतल्या अपघातापुरता आहे असं समजू नका आणि हा नको असंही समजू नका. दोन्ही ठेवा. घरात बाजारात मासे विकायला जाणारी बाई आहे, कॉलेजला मोटारसायकलने जाणारा मुलगा आहे. त्यांच्यासाठी हे वीस रुपयेच आहेत.

चार मोठ्या माणसांचे दोन्ही विमे धरले तर वर्षाचे १,८२४ रुपये होतात. आणि त्या १४९ रुपयांच्या ॲपचे वर्षाचे १,७८८. जवळजवळ सारखेच. यंत्रणेला यातलं महत्त्वाचं कुठलं हे माहीत नाही. जो आधी आला तो घेऊन गेला. आमचं म्हणणं आहे की हा क्रम घरच्या माणसाला ठरवता आला पाहिजे. विमा पहिला, कर्ज दुसरं, करमणूक सगळ्यात शेवटी.

परत गेलेल्या हप्त्याची किंमत

होडीच्या इंजिनाचा हप्ता जुलैत परत गेला तर काय होतं? बँक परत गेल्याचा दंड लावते, वर जीएसटी. कर्ज देणारी संस्था आपला वेगळा दंड लावते. तोच हप्ता पुन्हा कापायचा प्रयत्न झाला आणि पुन्हा परत गेला, तर दंडही पुन्हा. क्रेडिट स्कोअर खाली जातो. पुढच्या वर्षी जाळ्यासाठी कर्ज मागायला गेलं की तोच आकडा समोर ठेवतात.

आणि एक गोष्ट फार थोड्या लोकांना माहीत आहे. पैसे नसल्यामुळे परत गेलेला इलेक्ट्रॉनिक हप्ता हा न वटलेल्या चेकसारखाच गुन्हा ठरू शकतो. २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टम्स कायद्यात कलम २५ त्यासाठीच आहे. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा रकमेच्या दुप्पट दंड किंवा दोन्ही. उगाच घाबरवायला सांगत नाही. पण "ऑटोपे बंद केला की सुटलो" असं जे म्हणतात, त्यांनी लक्षात ठेवावं. मँडेट बंद केल्याने कर्ज बंद होत नाही. हप्ता दुसऱ्या मार्गाने भरावाच लागतो.

ज्या दोन महिन्यांत दर्यात जाऊ नका असा सरकारचाच हुकूम आहे, त्याच दोन महिन्यांत कमाई नाही म्हणून दंड. हे बरोबर आहे का? बंदी माशांच्या विणीसाठी आहे, आपण ती मानतो, मानलीच पाहिजे. पण तिची किंमत एकट्या होडीवाल्याने दंडाच्या रूपात का भरायची?

"बँक काय आपल्यासाठी नियम बदलणार?"

असं अनेकजण म्हणतील. पण शेतकऱ्यासाठी बदलला आहेच. पीककर्जाची परतफेड सुगीशी जोडलेली असते. कर्ज थकीत धरतानाही बँका पिकाचे हंगाम मोजतात. भात कापायच्या आधी भाताचे पैसे मागणं चुकीचं, हे सगळ्यांना पटलं. मग जाळं पाण्यात टाकायच्या आधी माशांचे पैसे मागणं कसं बरोबर?

हिशेबही साधा आहे. वर्षाला १,२०,००० रुपये फेडायचे असतील तर बारा महिने १०,००० कापतात. त्याऐवजी दहा महिने १२,००० कापा. ऑगस्ट ते मे. वर्षाअखेरीला बँकेला तेवढेच पैसे मिळतात. दोन महिन्यांच्या व्याजाचा थोडा फरक पडेल, तो आधीच मोजून हप्त्यात धरा. आम्ही सूट मागत नाही, वेळ मागतो आहोत.

आणि हे काही परदेशातून आणलेलं डोकं नाही. बंदीच्या काळातल्या मदतीची जी सरकारी योजना आहे, तिची रचना अशीच आहे. मच्छीमाराने १,५०० रुपये भरायचे, सरकार ३,००० घालणार, आणि बंदीत ४,५०० हातात येणार. कमाईच्या दिवसांत थोडं थोडं बाजूला, बंदीच्या दिवसांत परत. आपल्या आज्या वेगळं काय करत होत्या? मासे विकून आल्या की पहिल्यांदा डब्यात चार पैसे टाकायच्या, मग बाजार. नारळी पौर्णिमेपर्यंत त्या डब्यावर घर चालायचं. आपोआप कापणाऱ्या यंत्रणेला आज्यांचा तो डबा शिकवायचा, एवढंच आपलं मागणं आहे.

डिजिटल रुपया इथे काय करू शकतो

८ फेब्रुवारी २०२४ ला रिझर्व्ह बँकेने डिजिटल रुपयाबद्दल दोन गोष्टी जाहीर केल्या. एक, हा रुपया नेट नसलेल्या जागीही चालावा यासाठी प्रयोग. दुसरी, या रुपयाला अटी जोडता येण्याची सोय. कशासाठी वापरायचा, किती दिवसांत वापरायचा, कुठल्या भागात वापरायचा, हे आधी ठरवून देता येतं. ओडिशा आणि आंध्र प्रदेशात कुळाने शेती करणाऱ्यांना कर्ज देण्यासाठी स्टेट बँकेने अशा अटीच्या डिजिटल रुपयाचा प्रयोग केलेला आहे.

यातली पहिली गोष्ट आपल्याला हवीच आहे. टॉवर नसतानाही दर्यात होडी होडीला डिझेल देते, बर्फ देते, आणि हिशेब वहीत राहतो. तो जागच्या जागी चुकता झाला तर बरंच.

दुसरी गोष्ट दुधारी आहे, म्हणून तिच्याबद्दल आपण आत्ताच बोललं पाहिजे. अट घालता येते याचा अर्थ आपल्या सोयीची अटही घालता येईल. "जून-जुलैत कापू नये." "लिलावाचे पैसे जमा झाले त्या दिवशी शेकडा इतके कापावेत." "विम्याचे पैसे आधी बाजूला काढावेत, मग बाकीचं." यंत्रणा जर अटी समजते, तर या तीन अटी समजायला तिला काय कठीण आहे?

पण अट दुसऱ्या बाजूनेही घालता येते. उद्या बंदीच्या काळातली मदत डिजिटल रुपयात आली आणि त्यावर लिहिलं असलं की हे पैसे फक्त जाळ्याच्या दुकानात चालतील, नाहीतर तीस दिवसांत खर्च करा, तर? ज्या घरात बंदीच्या दिवसांत म्हाताऱ्याच्या औषधाला पैसे लागतात, त्या घराने जाळं घेऊन काय करायचं? मदतीच्या पैशाला शेवटची तारीख नको आणि दुकानाची सक्ती नको. हे पैसे आपल्याला कशासाठी लागतात हे घरातल्या बाईला कुठल्याही यंत्रणेपेक्षा जास्त कळतं.

आणि डिजिटल रुपयाला व्याज नाही, हेही विसरू नका. हप्त्यासाठी वर्षभर साठवायचे पैसे त्या पाकिटात ठेवू नका. ते बचत खात्यात किंवा सोसायटीच्या ठेवीत ठेवा, आणि भरायच्या वेळी पाकिटात घ्या.

रोखीनेच चालू दे, हे का नाही

"पूर्वीसारखं रोख गोळा करा, ही भानगडच नको," असं जुने सभासद म्हणतात. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. वसुलीला येणारा माणूस ओळखीचा असतो, घरात अडचण दिसली तर आठ दिवस थांबतो. मशीन थांबत नाही.

पण रोखीचा आपला अनुभवही आठवा. पावती फाटली, वही बदलली, सेक्रेटरी बदलला, आणि "मी भरले होते" यावर दोन घरं दोन वर्षं बोलत नाहीत. शिवाय लिलावाचे पैसे रोख हातात आले की संध्याकाळपर्यंत किती उरतात, हे बायकांना विचारा. आणि बँकेत कर्ज मागायला गेलं की पहिला प्रश्न, कमाईचा पुरावा काय? किसान क्रेडिट कार्ड मच्छीमारांनाही मिळतं. २ लाखांपर्यंतच्या कर्जाला ७ टक्के व्याज आहे, आणि वेळेत फेडलं तर ३ टक्के सवलत मिळून ते ४ टक्क्यांवर येतं. वेळेत फेडल्याची नोंद ज्याच्या खात्यावर स्वच्छ, त्याचं काम सोपं. म्हणून आम्ही डिजिटलच्या बाजूने आहोत. ओळखीच्या माणसाचा तो समजूतदारपणा मात्र यंत्रणेत नियम म्हणून आला पाहिजे.

आता करायचं काय

घराघरात, याच आठवड्यात :

फोनमधल्या प्रत्येक पेमेंट ॲपमध्ये ऑटोपे किंवा मँडेट असा विभाग असतो. तो उघडा. घरातल्या शिकणाऱ्या मुला-मुलीला बरोबर घ्या. कोणकोणाला कापायची परवानगी दिली आहे त्याची यादी कागदावर लिहा. नको असलेलं बंद करा. काही मँडेट तात्पुरतं थांबवताही येतं. करमणुकीचं असेल ते जून-जुलैपुरतं थांबवा. कर्जाचं थांबवण्याआधी बँकेशी बोला.

विमा ज्या खात्यातून जातो त्या खात्यात या महिनाअखेरीपर्यंत माणशी निदान ५०० रुपये राहतील असं बघा. जमलं तर ते खातं वेगळंच ठेवा, त्यावर दुसरं कुठलंही मँडेट नको. एकाच माणसाचा तोच विमा दोन खात्यांतून कापला जात असेल तर एक बंद करा, कारण पैसे एकाचेच मिळतात.

अनोळखी मँडेटची विनंती आली तर पिन टाकू नका. पिन टाकला म्हणजे परवानगी दिली.

सोसायटीत :

आम्ही येत्या सर्वसाधारण सभेत ठराव मांडणार आहोत. यूपीआय ऑटोपेमध्ये ठराविक तारखेऐवजी जेव्हा मागणी येईल तेव्हा कापण्याचा प्रकार असतो, वरची मर्यादा घालून. तो वापरून सोसायटीची वर्गणी आणि बंदीसाठीची बचत लिलावाच्या दिवशी कापावी. मासे नाहीत तर कापणी नाही. प्रत्येक सभासदाची लेखी संमती घ्यायची, मर्यादा त्याने स्वतः लिहायची, आणि केव्हाही बंद करायचा हक्क त्याच्याकडे. संमती न देणाऱ्याला डिझेल किंवा बर्फ नाकारलं जाणार नाही, हेही ठरावातच लिहायचं. कापलेल्या प्रत्येक रुपयाचा मेसेज सभासदाबरोबर घरातल्या दुसऱ्या एका नंबरवरही जावा, यासाठी आम्ही व्यवस्था करू.

बँकांकडे आणि सरकारकडे आम्ही निवेदन देणार आहोत. त्यात चार मागण्या. मासेमारीच्या कर्जाला दहा हप्त्यांचा पर्याय. बंदीच्या ६१ दिवसांत परत गेलेल्या हप्त्यावर दंड नको. कापण्याआधीची सूचना मराठीत आणि कोंकणीत, दोन नंबरांवर. आणि बंदीची मदत कुठल्याही रूपात आली तरी तिला दुकानाची किंवा मुदतीची अट नको.

या निवेदनाला सह्या हव्यात. फक्त ट्रॉलरमालकांच्या नकोत. खलाशांच्या हव्यात, रापणकारांच्या हव्यात, आणि बाजारात बसणाऱ्या बायकांच्या तर आधी हव्यात, कारण घरचा हिशेब त्यांच्याकडे असतो.

ज्यांना ऑटोपेची यादी बघता येत नाही त्यांनी फोन आणि पासबुक घेऊन सोसायटीच्या ऑफिसात यावं, संध्याकाळी ४ ते ७. आमची दोन मुलं तिथे बसलेली असतील. पिन कोणालाही सांगू नका, त्यांनाही नाही. ३१ मेपर्यंत रोज उघडं आहे. रविवारीही.

तो तांडेल या वर्षी पहिल्याच दिवशी येऊन गेला. चारही विम्यांचे पैसे बाजूला ठेवून गेला. तुम्हीही या.

— आपलं संचालक मंडळ